गाडीवरचा बर्फ पूर्ण न काढता गाडी चालवणे खरोखर किती धोक्याचे आहे?

प्रश्न : प्रतापनगरची_आई (नागपूर)

नमस्कार. माझी मुलगी गेल्या वर्षापासून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात नोकरी करते. तिचा जन्म आणि सगळे शिक्षण नागपुरातले. आमच्या लेखी कडाक्याची थंडी म्हणजे २९ डिसेंबर २०१८ ची ती सकाळ, जेव्हा नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि आम्ही अंगणात शेकोटी पेटवून बसलो होतो. बर्फात गाडी कशी चालवतात हे सांगणारे आमच्या घरात कोणीच नाही.

परवा संध्याकाळी, म्हणजे तिच्याकडच्या सकाळी, आमचे व्हिडिओवर बोलणे चालू असतानाच ती ऑफिसला निघाली. रात्रभर बर्फ पडलेला होता. तिने समोरच्या काचेवर, स्वतःच्या डोळ्यांसमोर येईल एवढीच, ताटाच्या आकाराची जागा खरवडून मोकळी केली होती. मागची काच पूर्ण पांढरी होती आणि टपावर गादी घालावी तसा वीतभर बर्फ होता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. हीटर लावला की बाकीचे आपोआप वितळते. इथे कितीतरी जण असेच जातात." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

मी तीस वर्षे शाळेत शिकवले, पण गाडी कधी चालवली नाही, त्यामुळे तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. समोरचे दिसते आहे तेवढे पुरेसे असते का? टपावरच्या बर्फाने नेमका कोणता धोका होतो? नुसत्या काळजीपोटी काही बोलले तर ती ऐकणार नाही, पण कारण नीट समजावून सांगितले तर ती नक्की ऐकते. म्हणून जाणकारांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

उत्तर : टोरांटोहून_परतलेला (मनीषनगर, नागपूर)

ताई, मी अकरा वर्षे टोरांटोला होतो आणि आता कायमचा नागपूरला परतलो आहे. आपल्या मुलीने जे केले त्यापेक्षा थोडे बरे काम मी माझ्या पहिल्या हिवाळ्यात केले होते आणि तरीही एका माणसाच्या जिवावर बेतले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी महिना होता आणि रात्रीतून वीसेक सेंटिमीटर बर्फ पडला होता. मी चारही काचा स्वच्छ केल्या, परंतु टपाने माझे काही अडत नव्हते, म्हणून तो तसाच ठेवला. पंचवीस मिनिटे गाडी व्यवस्थित चालली. तेवढ्या वेळात आत हीटर चालू असल्यामुळे टपाचा पत्रा खालून तापत गेला आणि बर्फाच्या गादीचा अगदी तळचा थर वितळून तिथे पाण्याचा पातळ पापुद्रा तयार झाला. आत बसलेल्या माणसाला यातले काहीही दिसत नाही. पुढे एका चौकात सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक दाबला आणि टपावरची अख्खी गादी एका झटक्यात घसरून समोरच्या काचेवर आली. भर सकाळी गाडीत अंधार झाला. मी वायपर लावले, पण त्या ओझ्याखाली ते जागचे हललेही नाहीत. गाडी थांबली तेव्हा तिचे नाक झेब्रा पट्ट्यांवर गेलेले होते. खाली उतरून पाहिले, तर एक वृद्ध गृहस्थ दोन पावलांवर उभे होते. ते वेळेवर मागे सरकले म्हणून वाचले, माझ्या कौशल्याने नाही. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने चालणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. तीन सेकंद काही दिसले नाही, तर ४२ मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. रस्ता दहा मिनिटांचा आहे की तासाचा, याने त्यात काहीच फरक पडत नाही. उलट थोड्या अंतराच्या प्रवासात काच तापायलाच वेळ मिळत नाही, म्हणजे हीटरच्या भरवशावर निघालेला माणूस बहुतेक सगळा रस्ता त्या ताटाएवढ्या भोकातूनच पाहत काढतो. त्या भोकातून पुढची गाडी दिसते, हे खरे आहे. परंतु फुटपाथवरून उतरणारे मूल, डावीकडच्या गल्लीतून येणारी सायकल किंवा वळताना आडवा येणारा पादचारी दिसत नाही, आणि शहरातले अपघात मुख्यतः याच दिशांनी येतात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपल्याला दिसणे जितके महत्त्वाचे आहे, तितकेच आपण इतरांना दिसणेही महत्त्वाचे आहे. मागच्या दिव्यांवर बर्फाचा थर असेल तर ब्रेक लावल्याचे मागच्या चालकाला कळतच नाही. जुन्या हॅलोजन दिव्यांची काच चांगली तापत असे आणि त्या उष्णतेने बर्फ बराच वितळून जाई. नव्या एलईडी दिव्यांची पुढची काच तेवढी तापत नाही, त्यामुळे चालू दिव्यांवरही बर्फ चिकटून राहतो आणि तो हातानेच काढावा लागतो. पुढच्या गाडीपासूनचे अंतर मोजणारे रडार आणि मागचा कॅमेरा ज्या गाड्यांना असतो, त्यांत ती जागाही पुसावी लागते, नाही तर ती यंत्रणा बंद पडते.

साफ करण्याचा क्रम मी असा शिकलो. आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा, मगच इंजिन चालू करायचे आणि हीटरचा झोत समोरच्या काचेवर सोडायचा. त्यानंतर वरून खाली यायचे, म्हणजे प्रथम टप, मग काचा, मग बॉनेट आणि डिकी, शेवटी दिवे, आरसे आणि नंबर प्लेट. काचा आधी पुसून नंतर टप झाडला की सगळा बर्फ पुन्हा काचांवर येतो आणि माणूस कंटाळून काम अर्धवट सोडतो. गोठून चिकटलेले वायपर बटण दाबून कधीही सोडवू नयेत, कारण रबर फाटते आणि मोटर जळू शकते. या सगळ्याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. मुलीला सांगा, की बर्फाच्या दिवशी निघण्याची वेळच पंधरा मिनिटे आधीची धरावी.

उत्तर : बोस्टनचा_वऱ्हाडी

मी सहा वर्षांपासून बोस्टनजवळ राहतो. काचा स्वच्छ असाव्यात हे मला पूर्ण मान्य आहे, पण टपाच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. ताजा बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो आणि गाडी चालू लागली की तो आपोआप उडून जातो. त्याने कोणाला इजा होईल असे मला वाटत नाही. खरा धोका मोठ्या ट्रकवरच्या बर्फाचा आहे, लहान गाड्यांचा नाही. काकूंना विनाकारण घाबरवू नये एवढेच म्हणणे आहे. सकाळी घाई असेल तर एक भांडे गरम पाणी काचेवर ओतले की काम लगेच होते, हेही त्यांनी मुलीला सांगावे.

उत्तर : पदार्थविज्ञान_शिक्षक (धरमपेठ, नागपूर)

वरील उत्तरातील दोन मुद्द्यांवर मला असहमती नोंदवावीशी वाटते. त्यातील गरम पाण्याचा सल्ला तर कोणी प्रत्यक्ष अमलात आणण्यापूर्वीच दुरुस्त व्हायला हवा. शून्याखाली थंड झालेल्या काचेवर गरम पाणी पडले की पृष्ठभाग एकदम प्रसरण पावू लागतो आणि आतला भाग थंडच राहतो. त्या ताणाने काच तडकते, आणि दगडाने पडलेला बारीकसा तडा आधीपासून असेल तर हमखास तडकते. शिवाय ओतलेले पाणी ओघळून दाराच्या फटीत आणि वायपरच्या मुळाशी जाते आणि काही मिनिटांत तिथेच पुन्हा गोठते. प्लास्टिकचे स्क्रेपर आणि बर्फ वितळवणारा फवारा हेच योग्य उपाय आहेत.

आता टपाविषयी. ताजा, कोरडा बर्फ पिठासारखा उडतो, हे निरीक्षण बरोबर आहे. परंतु तोच उडालेला बर्फ मागच्या गाडीच्या चालकासमोर दोन-तीन सेकंद पांढरा पडदा उभा करतो, हे विसरून चालणार नाही. आणि बर्फ पीठ म्हणून फार काळ राहतही नाही. दुपारी ऊन पडले की वरचा थर ओला होतो आणि रात्री तो गोठून कडक पापडी बनते. टपाच्या उष्णतेने खालचा थर वितळून पुन्हा गोठतो, तेव्हा तळाशीही तेच घडते. दोन दिवस टपावर राहिलेल्या बर्फाच्या जागी मग एक सलग फरशी तयार झालेली असते.

वजनाचा अंदाज यावा म्हणून साधे गणित करू. लहान गाडीचा टप सुमारे दोन चौरस मीटर असतो. ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला साधारण १०० किलो धरले, तर १५ सेंटिमीटरच्या थराचे वजन ३० किलो होते. तोच बर्फ ओला असेल तर घनता तिपटीने सहज वाढते आणि वजन ९० किलोच्या घरात जाते, म्हणजे सिमेंटची जवळपास दोन पोती आपण टपावर न बांधता ठेवून निघालेलो असतो. पूर्ण गोठलेल्या बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो आहे. अमेरिकेतील मोठ्या ट्रेलरची लांबी ५३ फूट आणि रुंदी साडेआठ फूट असते, म्हणजे छताचे क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मीटर भरते. त्यावर अवघा दोन सेंटिमीटर जाडीचा बर्फ असला तरी त्याचे वजन पाऊण टनाहून अधिक होते.

हा बर्फ उडतो कसा, हेही समजून घेतले पाहिजे. गाडी वेगात असताना टपावरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. बर्फाच्या पत्र्याची पुढची कड जराशी उचलली गेली की वारा तिच्या खाली शिरतो आणि वादळात घराचे पत्रे उडावेत तसा तो पत्रा उलटून मागे फेकला जातो. हवेत आल्यावर त्याचा वेग झपाट्याने कमी होतो, परंतु मागून येणारी गाडी तिच्या पूर्ण वेगाने येतच असते. समजा, तीन किलोचा तुकडा, म्हणजे आपल्याकडच्या एका विटेएवढे वजन, ताशी १०० किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने काचेवर आदळला. हा आघात ती वीट सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे बाराव्या-तेराव्या मजल्यावरून, काचेवर पडण्याइतका असतो. तुकड्याचा स्वतःचा पुढचा वेग काही प्रमाणात शिल्लक असेल तर आघात त्याहून कमी होईल. तो समोरून येणाऱ्या वाहनावरून उडाला असेल तर मात्र दोन्ही वेगांची बेरीज होईल.

समोरची काच दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असते, त्यामुळे ती सहसा विखरून पडत नाही. पण एवढा आघात ती नेहमीच पेलेल, असे समजू नये. आणि काच टिकली तरी तिच्यावर जाळे पडून पलीकडचे दिसेनासे होते. दचकलेला चालक अशा वेळी हात वळवतो आणि शेजारच्या गाडीवर जाऊन आदळतो.

उत्तर : वाडीचा_वाहतूकदार

माझे दोन ट्रक नागपूरहून जम्मू-श्रीनगरच्या वाटेवर चालतात. जाताना संत्री नेतात आणि परतीच्या भाड्यात काश्मीरचे सफरचंद कळमना बाजारात उतरवतात. आपल्या शहरातून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गच पुढे बनिहाल ओलांडून श्रीनगरला पोहोचतो, त्यामुळे बर्फाचा प्रश्न आम्हाला परका नाही. ताईंना विदेशातली उदाहरणे सांगितली गेली, मी आपल्या रस्त्यावरचे सांगतो, कारण मुलीला कदाचित तेच लवकर पटेल.

पावसाळ्यात ट्रकच्या ताडपत्रीला झोळ पडतो आणि त्यात पाणी साचते, हे नागपुरात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. ट्रकने ब्रेक दाबला की ते बादल्यांनी भरेल एवढे पाणी पुढे किंवा बाजूला कोसळते आणि शेजारच्या दुचाकीवाल्याचा तोल जातो. काश्मीरमध्ये त्याच झोळात पाण्याऐवजी बर्फाचे ढेपाळे तयार होते. घाट उतरताना हवा उबदार होऊ लागली की ते ढेपाळे ताडपत्रीपासून सुटते आणि एखाद्या वळणावर खाली येते. म्हणून आमच्या चालकांना मी सक्त ताकीद दिलेली आहे, की सकाळी निघण्याआधी दोर ढिले करायचे, खालून बांबूने ताडपत्री ठोकायची, बर्फ खाली पाडायचा आणि मगच पुन्हा आवळून बांधायचे. अर्धा तास जातो, हात बधिर होतात, गाडी उशिरा पोहोचते, व्यापारी रागावतात. तरीही हा नियम मी कधी सैल केलेला नाही.

याचे कारण माझ्या मनात अगदी स्पष्ट आहे. टपावरचा बर्फ म्हणजे न बांधलेला माल. तो आपण भरलेला नसतो, त्याचे भाडे मिळत नाही, बिल्टीवर त्याची नोंद नसते, पण रस्त्यावर तो आपल्याच गाडीतून जात असतो आणि पडला तर आपल्याच गाडीतून पडतो. कन्हानच्या वाळूचा टिप्पर ताडपत्री न बांधता पुढे जात असेल आणि त्यातून वाळू उडून डोळ्यांत गेली, तर आपण सगळे त्या चालकाला दोष देतो आणि तो योग्यच असतो. "वाळू मी मुद्दाम फेकली नाही, वाऱ्याने उडाली" हे त्याचे उत्तर आपण कोणी मान्य करत नाही. मग लहान गाडीच्या मालकाने "बर्फ मी ठेवला नाही, आभाळातून पडला" म्हटले तर ते का मान्य करावे? आभाळातून पडला हे खरे, पण रस्त्यावर तो त्याने आणला.

ताईंनी मुलीला हे एवढे जरूर सांगावे. टपावरच्या बर्फाचा त्रास ती गाडी चालवणाऱ्याला क्वचित होतो, मागून येणाऱ्याला मात्र होतो. मागच्या गाडीत कोण आहे हे आपल्याला माहीत नसते. म्हणूनच आळस करणे सोपे जाते.

प्रतापनगरची_आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिले, याबद्दल मनापासून आभारी आहे. 'न बांधलेला माल' हे शब्द मी वहीत लिहून ठेवले आहेत. दोन शंका उरतात. माझ्या मुलीची उंची पाच फूट एक इंच आहे आणि गाडी उंच आहे, तर तिने टपाच्या मधोमध हात कसा पोहोचवावा? आणि दुसरे म्हणजे, तिथे याविषयी काही कायदा आहे का? कायद्याचे नाव निघाले की आमच्या घरात वाद लवकर मिटतो.

उत्तर : न्यू_जर्सीची_नागपूरकर

काकू, माझी उंचीही जवळपास तेवढीच आहे. लांब होणाऱ्या दांड्याचा आणि पुढे फोमचे आडवे पाते असलेला ब्रश तिथल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याने एका बाजूने अर्धा टप आणि दुसऱ्या बाजूने उरलेला अर्धा असा बर्फ ओढून खाली पाडता येतो. दाराच्या उंबऱ्यावर चढून उभे राहण्याचा मोह होतो, पण बुटांना बर्फ लागलेला असतो आणि पाय हमखास घसरतो, म्हणून ते टाळावे. फावडे किंवा धातूची वस्तू वापरू नये, कारण रंग खरवडला जातो आणि काचेवर चरे पडतात.

कायदा नक्की आहे, आणि तो नेमका तिच्याच राज्यात कडक झालेला आहे. पेनसिल्व्हेनियात सप्टेंबर २०२२ पासून असा नियम लागू आहे, की बर्फ पडणे थांबल्यापासून २४ तासांच्या आत गाडीवर साचलेला बर्फ काढण्याचा प्रयत्न चालकाने केलाच पाहिजे. हा नियम ट्रकांना आहे तसाच लहान गाड्यांनाही आहे. तसे न करणाऱ्याला ५० डॉलर दंड होऊ शकतो, आणि उडालेल्या बर्फाने कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला गंभीर दुखापत झाली तर दंड १५०० डॉलरपर्यंत जातो. या कायद्यामागे २००५ च्या नाताळच्या दिवशी घडलेली एक घटना आहे. एका ट्रकवरून उडालेला बर्फ काच फोडून आत आला आणि गाडीतील महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर कायदा कडक व्हायला सतरा वर्षे लागली, हे वाचून मला फार वाईट वाटले होते.

आमच्या न्यू जर्सीत २०१० पासूनच असा कायदा आहे आणि त्यात टप, बॉनेट, डिकी आणि सगळ्या काचा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बर्फ खाली पडला नसला, कोणाला काही झाले नसले, तरी तो न काढता गाडी चालवली एवढ्यावरच पोलीस २५ ते ७५ डॉलर दंड करू शकतात. न्यू हॅम्पशायरमधला कायदा त्याहून जुना आहे. तिथे १९९६ मध्ये एका ट्रेलरवरून उडालेला बर्फ दुसऱ्या ट्रकवर आदळला, तो ट्रक समोरून येणाऱ्या गाडीवर गेला आणि एका तरुण मुलीचा जीव गेला. बर्फ ज्या वाहनावर पडला त्यात ती मुलगी नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या धोक्याचा आवाका कळतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतील २२९ व्या नियमातही बर्फात निघण्यापूर्वी सगळ्या काचा मोकळ्या कराव्यात, दिवे आणि नंबर प्लेट स्वच्छ असावी आणि इतरांच्या वाटेत पडू शकेल असा बर्फ काढून टाकावा, असे सांगितलेले आहे.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगा. पुढे उंच ट्रक असेल आणि त्याच्या छतावर पांढरे दिसत असेल, तर अंतर नेहमीपेक्षा बरेच वाढवावे किंवा शांतपणे लेन बदलावी. बर्फ उडून आलाच तर स्टिअरिंग झटक्याने वळवू नये. ते सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा, कारण निसरड्या रस्त्यावर झटक्याने वळवलेली गाडी पुन्हा ताब्यात येत नाही.

उत्तर : एक_डॉक्टर (रामदासपेठ, नागपूर)

पहिल्या उत्तरात सायलेन्सरच्या नळीचा उल्लेख एका वाक्यात आला आहे. वैद्यकीय दृष्टीने माझ्या मते या संपूर्ण चर्चेतला तो सर्वांत गंभीर मुद्दा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबून लिहितो.

गाडी उभी असताना मागे बर्फ साचून सायलेन्सरचे तोंड बुजले आणि इंजिन चालू केले, तर बाहेर न पडलेला धूर गाडीखालून आत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गळल्यासारखे वाटणे आणि झोप येणे, ही त्याची लक्षणे सर्दी-तापासारखीच असल्यामुळे माणूस सावध होत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही या विषबाधेत फसवते, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन प्राणवायू असलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते आणि आकडा चांगला येतो. लहान मुलांवर हा परिणाम आणखी लवकर होतो.

जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे हिमवादळ आले होते. त्या वेळी न्यू जर्सीतील पसेइक येथे एक वडील गाडीभोवतीचा बर्फ उपसत होते आणि कुटुंबाला ऊब मिळावी म्हणून त्यांनी पत्नीला आणि मुलांना इंजिन चालू ठेवून गाडीत बसवले होते. सायलेन्सर बर्फात बुजलेला होता. बाहेर काही फुटांवर वडील काम करत असताना आतली माणसे गेली. ज्याने प्रेमापोटी सगळे केले, त्याच्याकडून ही एक गोष्ट राहून गेली होती.

नागपूरकरांना हे विष अनोळखी नाही. हिवाळ्यात न्हाणीघराची खिडकी बंद करून गॅस गीझर चालवल्याने किंवा बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने जी माणसे दगावतात, ती याच वायूने. मुलीला एवढेच लक्षात ठेवायला सांगावे, की नळी मोकळी केल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही आणि बंद गॅरेजमध्ये गाडी तापत ठेवायची नाही. साफसफाई चालू असताना कोणालाही आत बसवू नये. डोके जड झाले तर आधी गाडीबाहेर येऊन मोकळ्या हवेत उभे राहावे, विचार नंतर करावा.

बोस्टनचा_वऱ्हाडी

गरम पाण्याचा सल्ला मी मागे घेतो. कोणी तो वाचून वापरू नये. माझी काच आजवर तडकली नाही, एवढ्यावर मी तो दिला होता. टपाबद्दल शिक्षकांनी पापडी गोठण्याचे जे लिहिले, ते मी डोळ्यांनी अनेकदा पाहिले आहे, पण उडून जाणाऱ्या पिठाशी त्याचा संबंध लावला नव्हता. काकू, मुलीला माझे पहिले उत्तर दाखवले असेल तर हेही दाखवावे.

प्रतापनगरची_आई

काल रात्री मुलीशी तासभर बोलले. पेनसिल्व्हेनियातील नियम तिला माहीत नव्हता, पण दंडाच्या रकमेपेक्षा चौकातल्या त्या वृद्ध गृहस्थांची हकिकत ऐकून ती अधिक वेळ गप्प राहिली. तिच्या ऑफिसच्या वाटेवर एक शाळा आहे आणि सकाळी मुले रस्ता ओलांडतात, हे तिने आपणहून सांगितले. तिने लांब दांड्याचा ब्रश मागवला आहे. तिची एकच शंका राहिली आहे. सकाळी घरून गाडी स्वच्छ करून गेली, पण दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये बर्फ पडत राहिला आणि संध्याकाळी अंधारात परत निघायचे असेल, तर काय करावे?

टोरांटोहून_परतलेला

ताई, तेव्हाही सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे, सायलेन्सरसकट. अंधारात तर दिवे स्वच्छ असणे अधिकच गरजेचे असते. त्यासाठी ब्रश आणि स्क्रेपर घरी न ठेवता गाडीतच ठेवावेत, पण डिकीत नाही. डिकीचे झाकण कधी कधी असे गोठते, की ते उघडायलाच ब्रश लागतो. मागच्या सीटच्या पायाशी ठेवले की कोणत्याही दाराने काढता येतात. सोबत जलरोधक हातमोज्यांचा एक जोड आणि एक विजेरीही तिथेच असू द्यावी. काचेवर फवारण्याचे द्रव हिवाळ्यासाठीचे आहे ना, हेही तिने आजच पाहून घ्यावे. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने उन्हाळ्यात साधे पाणी भरलेले असते आणि ते नेमके गरजेच्या वेळी टाकीत गोठलेले सापडते.